सोनं मोडायच्या आधी

प्रश्न : आमचा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. हाक मारली तर बघत नाही. बोलत नाही, काही हवं असेल तर माझा हात धरून तिथवर ओढत नेतो. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. शहरातल्या एका सेंटरमध्ये चौकशी केली. रोज दोन तास बिहेविअर थेरपी, आठवड्याचे पाच दिवस, महिना १८,००० रुपये. सहा महिन्यांचे एकदम भरले तर दहा टक्के सूट. दोन वर्षांत नॉर्मल शाळेत बसेल, असं म्हणाले. मिस्टर एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहेत, हातात २६,००० येतात. माझ्या पाटल्या मोडल्या तर पैसे उभे राहतील. सासूबाई म्हणतात, ह्याचा बापसुद्धा चार वर्षांनी बोलला, जरा थांब. थांबू की भरू?
— एक आई, शिरोली

उत्तर : ताई, थांबू नका. पण पाटल्याही मोडू नका.

आधी सासूबाईंचं बघू, कारण घरात त्यांच्याशी वाद घालून तुम्हाला झोप लागणार नाही. त्यांना एवढंच विचारा, की ह्याचे बाबा लहानपणी बोलत नव्हते तेव्हा हाक मारली की वळून बघायचे का? चिमणी दिसली की बोट करून तुम्हाला दाखवायचे का? बहुतेक आज्या इथं गप्प होतात. उशिरा बोलणारं पोर बोटानं, डोळ्यांनी, खुणांनी तुमच्याशी बोलतच असतं. हात ओढून नेणं वेगळं. कानाची बेरा तपासणी झाली नसेल तर तेवढी करून घ्या, म्हणजे हाकेला न वळण्याचं एक कारण तरी निकालात निघेल.

आता पैशाचं. मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात ३१ वर्षं बिलं तपासली, त्यामुळे माझा हात आधी आकड्यांकडे जातो. सहा महिन्यांचे १,०८,००० होतात, सूट जाऊन ९७,२००. महिन्याला साधारण ४४ तास धरले तर सूट न धरता तासाला चारशेच्या वर पडतात. हा दर काही अवाच्या सवा नाही. खटकतं ते दुसरंच. एकदम पैसे घेतल्यावर तिसऱ्या महिन्यात पोर तिथं जायला रडायला लागलं, शिकवणारी बाई सोडून गेली, किंवा तुम्हालाच पटेनासं झालं, तर परत काय मिळणार हे कुठं लिहून दिलंय? आणि ‘दोन वर्षांत नॉर्मल’ हे तर कुणीच लिहून देणार नाही. तोंडी देतात.

माझा लेक आता २४ वर्षांचा आहे. तो चार वर्षांचा असताना मीही असेच तीन महिन्यांचे आगाऊ भरले होते. आईबापानं आत यायचं नाही असा नियम. दाराला काच होती, तिच्यावर आतून कागद चिकटवलेला. एकदा कागदाचा कोपरा सुटला होता, तिथून मी बघितलं. बाई एका हातानं त्याची हनुवटी वर धरून बसली होती, दुसऱ्या हातात चॉकलेटचा तुकडा, आणि सारखं ‘लुक ॲट मी, लुक ॲट मी’. हा बघायचा, तुकडा मिळायचा. तीन महिन्यांनी प्रगती पुस्तकात आलं, नजर मिळवतो. घरी काय झालं? मी तोंड धुवायला त्याच्या हनुवटीला हात लावला की तो डोळे गच्च मिटून घ्यायला लागला. घरात आम्ही मराठी आणि सेंटरमध्ये इंग्रजी, हा आणखी वेगळा घोळ. वर पावती मागितली तर वहीच्या पानावर रक्कम आणि सही. पैसे गेले त्याचं आता काही वाटत नाही. ते मिटलेले डोळे मात्र अजून दिसतात.

पुढं कधीतरी कळलं, की हे ‘जितके तास जास्त तितकं चांगलं’ कुठून आलं. अमेरिकेत लॉस एंजेलिसला लोव्हास म्हणून मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९८७ मध्ये एक अभ्यास छापला. त्यात १९ लहान मुलांना आठवड्याला ४० तास, दोनेक वर्षं आणि त्याहून जास्त, एकास एक शिकवलं होतं, आणि त्यातली ९ मुलं साध्या वर्गात बसली. त्या आकड्यानं जगभरच्या आईबापांची झोप उडवली. पण कुठल्या मुलाला कुठल्या गटात घालायचं हे तिथं चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, आणि मुलांना दरडावणं, प्रसंगी चापट मारणं हेही त्या पद्धतीत होतं. आज चांगली सेंटरं तसं करत नाहीत. खेळातून शिकवतात, घरच्यांना शिकवतात. मात्र ४० तासांचा धाक अजून विकला जातो, आणि आपल्यासारखे विकत घेतात.

मग तुम्ही काय घ्यायचं? माझं मत विचाराल तर रोजच्या दोन तासांऐवजी आठवड्याला दोन सेशन घ्या, पण आत बसायला मिळेल अशा ठिकाणी. तासाला ५०० पडले तरी महिन्याला ४,००० होतात, आणि तुमच्या पगारात ते कसेबसे का होईना बसतात. त्या दोन तासांत बाईंनी पोराला शिकवायचं ते तर आहेच, पण त्याहून तुम्हाला शिकवायचं. बाकीचे जागे तास पोर तुमच्याजवळच असतं की. याचा अर्थ सगळा भार आईनं उचलावा असा नाही, ताई. मिस्टरांची सेकंड शिफ्ट असेल तेव्हा सकाळची आंघोळ आणि कपडे त्यांच्याकडे द्या. तेही शिकवणंच आहे.

सेंटर बघायला जाल तेव्हा भिंतीवरची चित्रं बघू नका. रोज माझ्या मुलाजवळ कोण बसणार, मॅडम स्वतः की शिकाऊ मुलगी, हे विचारा. स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तिला आरसीआय म्हणतात. रोजची कामं करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टची राज्याची वेगळी परिषद आहे. नंबर मागायला लाजू नका, आपण गवंड्यालासुद्धा आधीची घरं दाखव म्हणतो. एबीएचं, म्हणजे ह्याच बिहेविअर थेरपीचं, नुसतं सर्टिफिकेट भिंतीवर असेल तर त्याखाली मूळ पदवी कसली आहे ते बघा. आणि एक प्रश्न नक्की विचारा : पहिल्या तीन महिन्यांत काय शिकवणार? ‘एकाग्रता वाढवू, हायपर कमी करू’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघा. ‘पाणी हवं असेल तर तो चित्राचं कार्ड देईल, शी लागली की खूण करेल’ असं म्हणाले तर तिथं थांबा. हात हलवणं, गोल फिरणं बंद करू असं कुणी पहिल्याच दिवशी म्हणालं, तर त्यानं कुणाचं काय बिघडतंय हे त्यांनाच विचारा.

घरी शिकवायचं म्हणजे काय, ते एका चपलेवरून सांगते. माझ्या लेकाला चप्पल घालायची म्हटलं की रडारड. मी रोज पहिल्यापासून सुरू करायची : चप्पल आण, सरळ ठेव, पाय घाल, पट्टा ओढ. तो पहिल्या पायरीलाच बसकण मारायचा. मग एका ऑक्युपेशनल थेरपिस्टनं मला उलटं करायला सांगितलं. सगळं मी करायचं, आणि शेवटचा पट्टा तेवढा अर्धा चिकटवून सोडायचा. त्यानं बोटानं दाबला की झालं, चिमूटभर भडंग आणि दार उघड. भडंग त्याचा जीव की प्राण. चॉकलेटसाठी त्यानं कधी जीव टाकला नाही, हे सेंटरवाल्यांनी कधी विचारलंच नव्हतं. आठवड्यानं पूर्ण पट्टा त्याचा. मग टाच आत सरकवणं त्याचं. माझा हात आधी त्याच्या हातावर, मग मनगटाला, मग कोपराला, मग नुसता शेजारी. दोन महिने लागले. पुढं भडंगही लागेना, कारण चप्पल घातली की रंकाळ्याला जायचं हे त्याला कळलं होतं. बिहेविअर थेरपी म्हणतात ती यापेक्षा फार वेगळी नाही. कुठली पायरी कधी घ्यायची हे ओळखणारा जाणकार लागतो, त्याचे पैसे द्यायचे.

एक वही घाला. पोर किंचाळलं, डोकं आपटलं, तर त्याच्या आधी काय झालं, त्यानं काय केलं, आणि नंतर तुम्ही काय केलंत, एवढंच तीन रकान्यांत. पंधरा दिवसांनी वाचा. आमच्या वहीत दर वेळी आधीच्या रकान्यात ‘कुकर’ निघाला होता.

आता कागद. ह्यासाठी मी सगळ्यात जास्त आग्रह धरीन. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज भरा आणि त्याची प्रत घेऊन कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयात जा. दिव्यांग बोर्डाचा वार आधी विचारून घ्या, नाहीतर दसरा चौकापर्यंतची फेरी फुकट. ऑटिझम हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांपैकी एक आहे, त्यामुळे ‘ह्याला प्रमाणपत्र नसतं’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. तिथं ४० मुद्द्यांची एक मोजपट्टी लावतात, प्रत्येकाला एक ते पाच गुण. ७० च्या खाली ऑटिझम धरत नाहीत. पोर नेमकं त्या दिवशी शहाण्यासारखं बसतं किंवा रडून झोपतं, म्हणून घरातले चार-पाच व्हिडिओ मोबाइलवर ठेवा. जेवताना, एकटं खेळताना, हाक मारताना. लहान वयात प्रमाणपत्र बहुधा मुदतीचं मिळतं. मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सासूबाई कदाचित म्हणतील, पोराच्या कपाळावर शिक्का कशाला? शिक्का नव्हे, पावतीपुस्तक समजा. त्यावर निरामय हा केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाचा आरोग्य विमा मिळतो. वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, आणि थेरपीचा खर्चही त्यात धरतात. पूर्ण लाख थेरपीला मिळत नाही, तिचा हिस्सा वेगळा ठरलेला आहे. पैसे आधी आपण भरायचे, मग बिलं पाठवून परत घ्यायचे. म्हणून बिल छापील हवं, मुलाच्या नावाचं, तारखा आणि सेशन लिहिलेलं, शिक्का-सही-नोंदणी क्रमांकासह. माझा पहिला दावा अशाच वहीच्या पानांमुळे परत आला. आयुष्यभर दुसऱ्यांची बिलं त्रुटी काढून परत पाठवली, त्याचा सूड असावा!

तुम्ही शिरोलीच्या, म्हणजे ग्रामपंचायत. तिच्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. यूडीआयडी हातात आलं की ग्रामसेवकांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. रक्कम फार नसेल, दोन-चार सेशन निघाले तरी निघाले. अंगणवाडीत नाव असू द्या, काढू नका. तिथं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक येतं आणि पुढं जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतं, ते उपचार मोफत असतात. रांग असेल, वेळ लागेल, तरी नाव लावून ठेवा. प्राप्तिकराच्या सवलतीबद्दल तुम्हाला पुष्कळ जण सांगतील. मिस्टरांच्या पगाराला कर बसतच नाही, तेव्हा ते कानावरून जाऊ द्या.

आणि पाटल्या? पोर सहा वर्षांचं झालं की शाळेसाठी, कधी शाळेत सोबत बसणाऱ्या बाईसाठी पैसे लागतील. तेव्हाही आधी मला लिहा.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, मुलगी सात वर्षांची, ऑटिझम ५० टक्के. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यानं स्टेम सेलचा, म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराचा, सल्ला दिला आहे, खर्च काही लाख. पतसंस्थेतून कर्ज काढू का?
— एक बाबा, गडहिंग्लज

उत्तर : नको. गुरुजी, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय, की रक्ताच्या आजारांसारखे ठराविक आजार सोडले तर स्टेम सेल ही मान्य उपचारपद्धती नाही. ऑटिझम त्या ठराविकात नाही. संशोधनासाठी करत असतील तर रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. पैसे मागितले, तिथंच तुमचं उत्तर आलं.

तुमच्या बाबतीत कराचं मात्र बघा. ८०डीडी म्हणतात ती वजावट ४० टक्के आणि त्यापुढं ७५,००० रुपयांची आहे, ८० टक्के आणि त्यापुढं १,२५,००० ची. खर्चाच्या पावत्यांवर ती अवलंबून नाही, पण जुनी करप्रणाली निवडली असेल तरच मिळते. तेव्हा दोन्ही पद्धतींनी आकडा काढून मगच मुख्याध्यापकांना कळवा. नवीन प्रणालीत तुमचा कर तसाही कमी येत असेल, तर वजावटीच्या मोहात पडू नका. बदलीत प्राधान्य मिळणाऱ्या विशेष संवर्ग भाग एकमध्ये दिव्यांग मुलाचे पालक येतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्यासाठी मुलीचं प्रमाणपत्र त्या वेळी चालू मुदतीचं लागेल. मुदत कधी संपते ते आजच काढून बघा, बदल्यांच्या हंगामात बोर्डाकडे गर्दी फार असते.