अरेका पामची वाळकी झावळी कधी कापावी?

प्रश्न : अंगणातल्या अरेका पामच्या खालच्या झावळ्या तपकिरी पडताहेत. लगेच कापू का? उंची आवरायला शेंडा छाटला तर चालेल?

उत्तर : घाई नको. अर्धवट हिरव्या झावळीतलं पोटॅश झाड काढून घेतं आणि नव्या पानांना पुरवतं. ती आधीच कापली, तर पिवळेपणा वरच्या पानांवर चढतो. देठासकट पूर्ण वाळली, की स्पिरिटने पुसलेल्या धारदार कात्रीने २-३ सेंमी देठ ठेवून कापा. हिसडून ओढू नका. खोड सोलवटतं आणि पामची ती जखम पुन्हा कधीच भरून येत नाही. नुसती टोकंच करपत असतील, तर बोअरच्या पाण्यातले क्षार किंवा कोरडी पडणारी माती तपासा. शेंड्याला मात्र हात लावू नका. प्रत्येक खोडाला वाढीचा कोंब एकच, तो गेला की ते खोड मेलं.