परभणीत १० बाय २० फुटांच्या गाळ्यात ऑनलाइन कामांचं ऑफिस टाकतोय. चार टेबलं आणि एक कपाट बसेल का? घेण्याआधी काय बघावं?

बसेल. पण टेबलं दोन्ही भिंतींना लावायचा विचार असेल तर तो आजच सोडा. मी लातुरात असंच ऑफिस चालवतो आणि पहिल्यांदा नेमकं तेच केलं होतं. कागदावर सोपं दिसतं: दोन्हीकडून दोन-दोन फुटांची टेबलं, मधे सहा फूट मोकळे. पण माणसाला खुर्चीत बसून मागं सरकायला नि उठायला तीन फूट लागतात. दोन्हीकडचे धरले की सहाचे सहा संपले. जुलैत पीकविम्याची गर्दी सुरू झाली आणि खेड्यांतून आलेली म्हातारी माणसं पावसात पायरीवर ताटकळत उभी राहिली. ते मला अजून सलतं.

म्हणून आधी माणसं मांडा, मग टेबलं. एका लांब भिंतीकडं पाठ करून सगळ्यांना ओळीत बसवा. भिंतीपासून तीन फूट तुमच्या माणसाला, दोन फूट टेबल, समोर येणाऱ्याच्या स्टुलाला अडीच फूट. उरले अडीच, ती ये-जा करायची वाट. टेबलं साडेतीन फुटांची पुरतात. चार मिळून चौदा, मधे आत शिरायला दोन फुटांची फट ठेवली तर सोळा. मागच्या चार फुटांत कपाट आणि प्रिंटर. लोखंडी कपाट साधारण तीन फूट रुंद नि १९ इंच खोल असतं, पण दार उघडायला पुढं आणखी दीड फूट लागतो. तो धरायचा राहूनच जातो.

हे सगळं फरशीवर खडूनं आखा. दुकानात जायच्या आधी. आखलेल्या चौकोनांत खुर्च्या ठेवून दोघा-तिघांना खरंच बसवा, एकाला फाइल घेऊन मागं-पुढं चालायला लावा. दहा मिनिटांत कळतं कुठं अडतंय ते. फरशा मोजून माप काढू नका बरं का. दोन बाय दोनची म्हणतात ती फरशी ६० सेंटिमीटरची असते, म्हणजे दोन फुटांना जवळपास एक सेंटिमीटर कमी. दहा फरशांत चार इंचांची तूट येते. टेपच लावा, तोही प्लास्टर झाल्यावर, आणि कॉलम पुढं आलेला असेल तर तिथं वेगळं माप घ्या.

खडूची आखणी पुसायच्या आत वायरमनला बोलवा. प्रत्येक टेबलाखाली पॉइंट आणि इन्व्हर्टरची वेगळी लाइन आत्ताच काढून घ्या, नाहीतर वायरी वाटेत लोळतात. उन्हाळ्यात कूलर लागणारच. त्याला बाहेरची हवा मिळाली पाहिजे, आणि त्याचा झोत कपाटावर येता कामा नये, दमटपणानं कागद खराब होतात. शटर पश्चिमेला असेल तर पहिलं टेबल तिथून आत सरकवा, दुपारनंतर स्क्रीन दिसत नाही.

माझं ऐकाल तर पहिल्या वर्षी तीनच टेबलं घ्या. चौथ्याच्या जागी, शटरला लागून, एक लांब बाकडं टाका.