'रेकलेस'मधला 'रेक' म्हणजे काय?

तुम्ही विचारलंय की इंग्रजीतल्या 'रेकलेस'मधला 'रेक' म्हणजे नेमकं काय, गाडीचा चुराडा होतो त्या 'रेक'शी त्याचं नातं आहे का, आणि 'केअरलेस' असताना हा दुसरा शब्द लागतोच कशाला.

नात्याचं आधी सांगतो: नाही. चुराड्याच्या 'रेक'मध्ये सुरुवातीला डब्ल्यू असतो, उच्चारात नसला तरी लिहिण्यात असतो. तो शब्द नॉर्स लोकांच्या भाषेतून, नॉर्मन फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि जहाज फुटल्यावर समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेला माल असा त्याचा जुना अर्थ होता. 'रेकलेस'मधला रेक डब्ल्यूशिवायचा. तो अस्सल जुन्या इंग्रजीतला, आणि त्याचा अर्थ फिकीर, पर्वा, दखल. म्हणजे 'रेकलेस' तो, ज्याला फिकीर नाही.

मी इंग्रजी-मराठी भाषांतराचं काम करतो, त्यातही कोर्टाची कागदपत्रं जास्त. सुरुवातीच्या काळात एका अपघाताच्या प्रकरणात मी या शब्दासाठी 'निष्काळजीपणे' असं लिहिलं होतं. एका ज्येष्ठ वकिलांनी ते लाल पेनाने खोडलं, वर 'बेदरकारपणे' लिहिलं आणि कागद परत दिला. कारण सांगितलं नाही. ते शोधता शोधता मी या शब्दात जो अडकलो तो अजून बाहेर आलेलो नाही, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

मराठीत 'दरकार' हा शब्द आपण कसा वापरतो ते आठवा. 'त्याला कुणाची दरकार नाही.' 'घरच्यांची दरकार न करता निघून गेला.' जवळजवळ प्रत्येक वेळी सोबत 'नाही' किंवा 'न' येतोच. 'मला तुझी फार दरकार आहे' असं कुणी म्हणत नाही. शब्द मूळचा फारसी, तिथे त्याचा अर्थ गरजेचं, आवश्यक. हिंदीने तो अर्थ अजून जपलाय, आपण मात्र गरजेकडून पर्वेकडे गेलो. आणि मग त्या पर्वेच्या अभावालाच 'बेदरकार' म्हणू लागलो.

इंग्रजीतल्या 'रेक'चं अगदी असंच झालं. तोही नकाराला चिकटूनच जगला. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये ऑफिलिया भावाला सुनावते की मला शहाणपण शिकवतोस आणि स्वतः मात्र आपल्याच उपदेशाची 'रेक' करत नाहीस. कवी मिल्टनचं एक पात्र देवाची, नरकाची किंवा त्याहून वाईट कशाचीही 'रेक' करत नाही. पुढे पुढे हे क्रियापद कवितेपुरतं उरलं आणि मग बोलण्यातून गेलंच. 'लेस' लागलेलं रूप तेवढं टिकलं. आज इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा माणसालाही 'रेक' म्हणजे काय हे चटकन सांगता येणार नाही. 'रूथलेस'मधला रूथ म्हणजे दया, 'लिस्टलेस'मधला लिस्ट म्हणजे इच्छा, 'फेकलेस'मधला फेक हा 'इफेक्ट'चा स्कॉटिश संक्षेप. दया, इच्छा, परिणाम सगळे निघून गेले, त्यांचा अभाव मागे राहिला. मला हे वाचताना दरवेळी वाईट वाटतं. आपली 'दरकार' एकटी उभी राहू शकते, 'नाही'चा हात धरून का होईना, ती आपण वापरत राहायला हवी.

'रेकलेस' हा शब्द एकमेकांपासून दूर वाटणाऱ्या अर्थांमधून गेलाय. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप साधारण 'रेच्चेलेआस' होतं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी कवी चॉसर लिहीत होता तेव्हाही त्यात 'क'ऐवजी 'च' होता. त्याच्या एका मठवासी साधूच्या वर्णनात असं वचन येतं की 'रेच्चेलेस' साधू म्हणजे पाण्याविना मासा. तिथे धाडस, वेग, धोका यातलं काहीच नाही. नेमनियम सोडलेला, व्रताची फिकीर न करणारा, एवढंच. डच भाषेतला त्याचा भाऊ आजही बेपर्वा याच अर्थाचा आहे. जर्मनमधला भाऊ मात्र पार घसरला. तिथे 'रूखलोस' म्हणजे नीच, दुष्ट माणूस. ज्याला कशाचीच फिकीर नाही तो वाईटच असणार, असा निवाडा त्या भाषेने परस्पर देऊन टाकला.

तुम्ही जो घोळ विचारलात, डब्ल्यूचा, तो आजकालचा नाही. इंग्लंडच्या चर्चची धर्मतत्त्वं सांगणारी एकोणचाळीस कलमं १५७१ मध्ये पक्की झाली. त्यातल्या सतराव्या कलमात माणसाला सैतान एकतर निराशेत ढकलतो नाहीतर बेपर्वा, मलिन जगण्यात, असं म्हटलंय, आणि त्या बेपर्वाईसाठी छापलेला शब्द डब्ल्यूपासून सुरू होतो. 'रेच' म्हणजे अभागी, करंटा, हा डब्ल्यूवाला शब्द लोकांच्या कानात बसलेला होता, त्याची सावली यावर पडली. तेव्हा शेजारी 'करंटा' होता, आज 'चुराडा' आहे. भरधाव गाडी म्हटलं की चुराडा डोळ्यांसमोर येतोच, म्हणून आजची चूक होते.

आता 'केअरलेस'कडे. 'केअर'चा जुन्या इंग्रजीतला अर्थ दुःख, चिंता. म्हणून 'केअरलेस' म्हणजे आधी निश्चिंत, मोकळा. आपल्या 'काळजी'तही हे दोन्ही धागे आहेत, पण आपण ते क्रियापदाने वेगळे केलेत: काळजी करणं वेगळं, काळजी घेणं वेगळं. 'निष्काळजी' हा दुसऱ्या धाग्याचा शब्द, काळजी न घेणारा. त्यात विसरणं येतं, वेंधळेपणा येतो, लक्ष दुसरीकडे असणं येतं. गॅस बंद करायला विसरलो तर मी निष्काळजी. पण गॅसचा वास येतोय हे कळूनही काडी ओढली तर? तिथे 'निष्काळजी' अपुरा पडतो. वकिलांनी लाल पेनाने खोडलं ते यासाठी.

मात्र इतकी स्वच्छ रेघ भाषेत पहिल्यापासून नव्हती, आणि याचा सगळ्यात मोठा झगडा इंग्लंडच्या न्यायालयांत झाला. मला त्यातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण एका विशेषणाच्या अर्थावर माणसं दोषी किंवा निर्दोष ठरत होती.

१९५७ चं एक प्रकरण आहे. एका माणसाने रिकाम्या घराच्या तळघरातला गॅस मीटर आतल्या पैशांसाठी भिंतीवरून उपटून काढला. नळीचं तोंड उघडं राहिलं, भिंतीतून गॅस शेजारच्या घरात गेला आणि तिथे झोपलेल्या बाईचा जीव धोक्यात आला. अपिलात त्याची शिक्षा रद्द झाली. न्यायालयाने केनी नावाच्या प्राध्यापकांनी १९०२ मध्ये केलेली व्याख्या उचलली: अशा प्रकारची इजा होऊ शकते हे ज्याला स्वतःला दिसलं आणि तरीही ज्याने तो धोका पत्करला, तो रेकलेस. ज्यूरीला ही गोष्ट नीट सांगितली गेली नव्हती.

मग मालमत्तेच्या नुकसानीचा १९७१ चा कायदा आला. त्यात 'रेकलेस' हा शब्द आहे, व्याख्या नाही. १९८१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर, एक प्रकरण गेलं: मालकावर राग असलेल्या एकाने दारूच्या नशेत हॉटेलला आग लावली होती आणि आत लोक राहत होते. तिघा न्यायमूर्तींच्या बहुमताने, दोघांचा विरोध असताना, त्या तिघांतल्या लॉर्ड डिप्लॉक यांनी सांगितलं की हा रोजच्या बोलण्यातला साधा शब्द आहे, कायदेपंडितांचा नव्हे. धोका सर्वसामान्य समंजस माणसाला उघड दिसणारा असेल आणि आरोपीने त्याचा विचारच केला नसेल, तरी तो रेकलेस.

तार्किकदृष्ट्या यात खोटं काही नाही. चॉसरचा साधू असाच होता, त्याच्या मनात व्रताचा विचारच येत नव्हता. शब्दकोश उघडला तर तोही अर्थ सापडतो. पण तो अर्थ कुणावर पडला ते पाहा. १९८३ मध्ये चौदा वर्षांची एक मुलगी न्यायालयासमोर आली. तिची समज वयाच्या मानाने कमी होती. रात्रभर घराबाहेर राहिलेल्या त्या मुलीने एका शेडमध्ये पांढरं स्पिरिट ओतून पेटवलं होतं. धोका तिला कळलाच नसता हे खालच्या न्यायालयाने मान्य करून तिला सोडलं होतं. वरच्या न्यायालयाने निकाल फिरवला, कारण प्रश्न तिला काय कळलं असतं हा उरलाच नव्हता, समंजस माणसाला काय कळलं असतं हा होता. त्यातल्या एका न्यायमूर्तींनी लिहून ठेवलंय की वरिष्ठ निकालाने हात बांधलेले आहेत केवळ म्हणून मी सहमत होतोय.

पुढे ऑगस्ट २००० मध्ये न्यूपोर्ट पॅग्नेल या गावी अकरा आणि बारा वर्षांची दोन मुलं घरी न सांगता रात्री बाहेर राहायला गेली. एका दुकानाच्या मागच्या अंगणात त्यांनी वर्तमानपत्रं पेटवली, पेटती पानं कचऱ्याच्या प्लॅस्टिकच्या डब्याखाली टाकली आणि निघून गेली. विझून जाईल असं त्यांना वाटलं. डबा पेटला, शेजारचा पेटला, छत पेटलं. सुमारे दहा लाख पौंडांचं नुकसान झालं. १९८१ च्या अर्थाप्रमाणे मुलं दोषी ठरली. २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने लॉर्ड बिंगहॅम यांच्या निकालात तो अर्थच मोडीत काढला. धोका आरोपीला स्वतःला ठाऊक असला पाहिजे आणि त्या परिस्थितीत तो पत्करणं अवाजवी असलं पाहिजे, हे पुन्हा ठरलं. बावीस वर्षांनी शब्द ठिकाणावर आला.

मला विचाराल तर तो निकाल शब्दाच्या स्वभावालाही धरून आहे. पर्वा न करायला आधी पर्वा करण्याजोगं काहीतरी दिसावं लागतं. 'मी त्याची दरकार केली नाही' हे वाक्य ज्याला 'तो' माहीतच नाही त्याच्या तोंडी बसत नाही.

आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेत १८७० मध्ये हयगयीने मृत्यू घडवण्याबद्दलचं जे ३०४-अ कलम घातलं गेलं त्यात 'रेकलेस' हा शब्द नव्हता, 'रॅश ऑर नेग्लिजन्ट' अशी जोडी होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो विषय कलम १०६ मध्ये आहे. मराठी कागदपत्रांत 'रॅश'ला आपण 'बेदरकार' म्हणतो आणि 'नेग्लिजन्ट'ला 'हयगय'. पोलिसांच्या फिर्यादीत तर 'हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने' असे सगळे शब्द एका दमात येतात, आणि कशावर किती भर आहे ते कळेनासं होतं. भाषांतर करताना मी तिथे थांबतो. चालकाला समोरचं दिसलं होतं का, असं मूळ मजकुरात काही म्हटलंय का ते आधी शोधतो. म्हटलं असेल तर 'बेदरकार', नाहीतर 'हयगय'. दोन्ही एकमेकांच्या जागी मी कधीच ठेवत नाही.

कोर्टाबाहेर मात्र 'रेकलेस' आज कौतुकानेही वापरतात. खेळाडू जीव ओतून, पुढचामागचा विचार न करता खेळला की इंग्रजी समालोचक तो शब्द काढतो. तिथे 'बेदरकार' चालेल, पण 'बिनधास्त' जास्त बसतो. तोही धास्ती नसण्यापासून सुरू झाला आणि आता शाबासकी होऊन बसलाय. तुम्ही कुठल्या वाक्यासाठी विचारत होतात ते कळवलंत तर नेमका शब्द सुचवेन.