क्लासचे खाडे

“मॅडम, क्लास लावलाय, वेळही आपल्या सोयीची घेतलीय, पण जाणंच होत नाही,” हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की, समोरची व्यक्ती ‘क्लास’ म्हणाली की तो एमएस-सीआयटीचा असणार, हे मी न विचारताच ओळखते. लिपिकपदावर पदोन्नती हवी असलेले शिपाई, अनुकंपा तत्त्वावर नोकरीला लागलेल्या स्त्रिया, मुले मोठी झाल्यावर पुन्हा कामाला लागू पाहणाऱ्या गृहिणी, या सगळ्यांना कुठल्या तरी टप्प्यावर संगणक हाताळता येत असल्याचे प्रमाणपत्र लागते आणि त्यांतले बहुतेक जण महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या या अभ्यासक्रमाकडे वळतात. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, जमेल त्या तासाला केंद्रावर जाता येते. इतकी सवलत असूनही पैसे भरलेले असतात, पुस्तक घरी आलेले असते आणि महिना दोन महिने उलटूनही माणूस पहिल्या धड्यांपाशीच असतो. मग हळूच प्रश्न येतो, “या वयात मला जमेल ना हो?”

या प्रश्नाला ‘जमेल, नक्की जमेल’ एवढेच उत्तर देणे सोपे आहे, पण त्याने काहीही होत नाही. काय केल्याने होते, हे मला ज्या ताईंमुळे नीट कळले, त्यांची हकिगत त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

ताईंचे वय ४३. पतीच्या निधनानंतर त्यांना अनुकंपा तत्त्वावर एका शासकीय कार्यालयात लिपिकपद मिळाले होते. नेमणुकीच्या आदेशात संगणक अर्हतेची अट आणि मुदत घातलेली होती व त्या मुदतीतले जेमतेम आठ महिने उरले होते. संध्याकाळ झाली की छातीत धडधडते आणि रात्री झोप लागत नाही, म्हणून त्या नणंदेबरोबर माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. मी आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. हृदयात दोष नाही आणि थायरॉइड ठीक आहे, हे कागदावर आल्यानंतरच आम्ही बोलायला बसलो.

“वेळच मिळत नाही, मॅडम,” त्या म्हणाल्या. “सव्वासहाला ऑफिस सुटतं. घरी सासूबाई, दोन मुलं. तरी क्लासवाले म्हणतात, कधीही या. सातला या, आठला या.”

मी म्हटले, “पुढच्या वेळी येताना, कोणत्या दिवशी गेलात आणि कोणत्या दिवशी नाही, एवढं लिहून आणाल का?”

पुढच्या आठवड्यात ताईंनी वहीऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरचे एप्रिल महिन्याचे पान फाडून आणले. त्यावर निळ्या पेनाने दुधाचे खाडे मांडलेले होते, तीन. त्याच चौकटींत लाल पेनाने क्लासचे खाडे मांडले होते. रविवारचे चार दिवस सोडले तर महिन्यात २६ दिवस केंद्र उघडे होते, त्यांतले १९ लाल. कोपऱ्यात गॅस सिलिंडर आल्याची तारीख, मुलाच्या शाळेचा निकाल, सासूबाईंच्या गोळ्या संपल्याची खूण. इतके प्रामाणिक कागदपत्र मला अभावानेच पाहायला मिळते.

त्या पानाकडे मी बराच वेळ पाहत राहिले, कारण त्यात एक गोष्ट लपलेली होती. ताई महिन्याच्या सुरुवातीचे पाच दिवस सलग गेल्या होत्या. त्यानंतर गेल्या त्या फक्त दोनदा आणि दोन्ही वेळा शनिवारी.

“शनिवारी किती वाजता गेलात?”

“दुपारी दोनला.”

“सकाळी का नाही? शनिवारी तर सुट्टी असते.” शासकीय कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे शनिवारची सबंध सकाळ त्यांच्या हाती होती.

ताई पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “दोनला तिथं कोणी नसतं.”

तोवर ‘वेळ मिळत नाही’ हे कारण आम्ही दोघींनीही खरे मानले होते, आणि ते खोटे नव्हतेही. पण वेळेमागे काहीतरी वेगळे उभे होते. दहावीची परीक्षा संपली की या केंद्रांवर सुट्टीच्या बॅचा भरतात. पाचव्या दिवशी ताईंच्या शेजारच्या संगणकावर असाच एक मुलगा येऊन बसला. ताईंचा माऊस टेबलाच्या कडेपर्यंत गेला होता आणि पडद्यावरचा बाण मात्र मध्येच अडकला होता. माऊस उचलून पुन्हा मध्यभागी ठेवायचा असतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. “काकू, असं नाही,” म्हणत त्या मुलाने त्यांच्या हाताखालून माऊस घेतला, दोन क्षणांत हवी ती फाइल उघडून दिली आणि तो पुन्हा आपल्या कामाला लागला.

“तो हसला का?”

“नाही. चांगला मुलगा आहे.”

“शिकवणारे सर काही बोलले?”

“त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.”

“मग त्या वेळी तुम्ही स्वतःला काय म्हणालात?”

बराच वेळ गेला. “म्हणाले, नवऱ्याच्या जागेवर आली म्हणून खुर्ची मिळाली. हिला साधा माऊस धरता येत नाही.”

ताई मुळात अभ्यासाला घाबरणाऱ्या नव्हत्या. लग्नानंतर त्यांनी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी अभ्यास करून बी. ए. पूर्ण केले होते, आणि तेही धाकट्या मुलाला पाळण्यात ठेवून. सवडीने शिकणे त्यांना नवे नव्हते. मग तेव्हा जमले ते आता का जमू नये, याचा विचार करताना मला जे उमगले, ते पुढे अनेकांच्या बाबतीत उपयोगी पडले. पुस्तक वाचताना एखादे पान समजले नाही, तर ते न समजणे फक्त आपल्यालाच ठाऊक असते. संगणकावर मात्र चूक पडद्यावर उजेडात येते आणि मागच्या रांगेतल्यालाही दिसते. प्रौढ माणूस नवशिका असायला तितकासा घाबरत नाही, नवशिका म्हणून दिसायला घाबरतो. ‘कधीही या’ ही सवलत अशा माणसाला एक सोयीची पळवाट देते, कारण आज गेले नाही तरी काही बिघडत नाही, उद्याही जाता येते.

मी ताईंना धीर दिला नाही. त्यांच्यासमोर ते पान ठेवले आणि विचारले, “दूधवाल्याचे तीन खाडे झाले. तुम्ही त्याला काय म्हणता?”

“काय म्हणणार? तीन दिवसांचे पैसे कापते.”

“माणूस वाईट आहे, असं नाही ठरवत?”

“छे हो. सत्तावीस दिवस घातलंय की त्यानं दूध.”

एवढे बोलून ताई थांबल्या. त्यांनी पान स्वतःकडे ओढून घेतले, लाल खुणांवरून बोट फिरवले आणि अगदी सावकाश म्हणाल्या, “तीन खाड्यांवरून कोणी रतीब बंद करत नाही. मी एका दिवसावरून माझा रतीबच बंद केला.”

त्या खोलीतली ती शांतता मला अजून आठवते. माणसाच्या कृतीचे मोल करावे, चूक झाली तर ती चूक म्हणून मोजावी, पण त्यावरून अख्ख्या माणसाचे मोल ठरवू नये, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीचे सूत्र मी वर्षानुवर्षे शिकत आणि सांगत आले आहे. ते इतक्या नेमक्या मराठीत मला स्वतःलाही कधी मांडता आले नव्हते. दुधाचा तो प्रश्न ऐन वेळी सुचला, याचे मला समाधान आहे. उत्तर मात्र पूर्णपणे ताईंचे होते आणि म्हणूनच ते टिकले.

सुचलेला विचार कृतीत उतरला नाही तर आठवड्याभरात विरून जातो. म्हणून मी त्यांना मुद्दाम अवघड वाटेल असे काम दिले. येत्या शनिवारी दोनला जायचे नाही, सकाळच्या भरलेल्या बॅचला जायचे आणि मधल्या रांगेत बसायचे. जे अडेल ते सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे. कोणी माऊस घेऊ लागले तर म्हणायचे, “तो माझ्याच हातात राहू दे, तू तोंडाने सांग.”

ताई गेल्या. त्या सांगतात त्याप्रमाणे त्यांचा आवाज कापत होता. त्यांनी विचारले, “सर, ‘विनंती’ लिहिताना वेलांटी आधी दाबायची की व आधी?” दोन मुलांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली, त्याहून अधिक काही घडले नाही. सरांनी सांगितले की, भारतीय भाषांसाठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर आपण उच्चारतो त्या क्रमाने अक्षरे दाबायची, म्हणजे आधी व आणि मग वेलांटी, जरी पडद्यावर ती व च्या अलीकडे जाऊन बसली तरी. “एक मुलगी मागून म्हणाली, मलापण हेच विचारायचं होतं,” हे सांगताना ताई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या.

त्यानंतरचे काम हे बहुतांशी व्यवस्थेचे होते आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी ते सांगते. सवडीचा क्लास असला तरी वार आणि तास स्वतः ठरवून घ्यावेत आणि ते घरच्यांसमोर मोठ्याने सांगावेत. ताईंनी मंगळवार, गुरुवार संध्याकाळी सात आणि शनिवार सकाळ असे ठरवले. त्या दिवशीच्या पोळ्या सासूबाईंनी करायच्या हे बोलण्यातून ठरले, आणि सासूबाई त्याला तयारच होत्या, फक्त त्यांना कोणी विचारले नव्हते. अभ्यासक्रम साधारण दोन-तीन महिन्यांचा असतो. त्यात ५० गुण केंद्रावर सत्रे पूर्ण करता करता मिळतात आणि ५० गुणांची अंतिम ऑनलाइन परीक्षा तंत्रशिक्षण मंडळ घेते. दोन्हीकडे किमान २० गुण लागतात. म्हणजे सत्रे साठवून ठेवून शेवटी रात्रंदिवस अभ्यास करण्याचा आपला शाळेतला डाव इथे चालत नाही, कारण अर्धे गुण रोजच्या बसण्यातच असतात.

ज्यांना केंद्रावर जाणे खरोखरच अशक्य आहे, त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या नायलिट या संस्थेची सीसीसी परीक्षा आहे. नोकरीच्या जाहिरातींत या संस्थेचे डीओईएसीसी हे जुने नाव अजून आढळते. तिचा अभ्यासक्रम ८० तासांचा आहे, कुठल्याही संस्थेत नाव न घालता थेट परीक्षेला बसता येते आणि ९० मिनिटांत १०० प्रश्न सोडवायचे असतात. मात्र आपल्या नेमणूक आदेशात किंवा जाहिरातीत कोणकोणती प्रमाणपत्रे चालतील असे लिहिले आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. मैत्रिणीला चालले म्हणून आपल्याला चालेल, असे गृहीत धरून वर्ष वाया घालवलेली माणसे मी पाहिली आहेत.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगते. मोबाइल सराईतपणे वापरता येतो म्हणून संगणक येतो असे नाही आणि घरी फक्त मोबाइलवर सराव करून माऊस आणि कळफलक हाताला बसत नाहीत. घरी जुना संगणक असेल तर लिबरऑफिस हे कार्यालयीन कामाचे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, त्यावर रोज एक अर्ज लिहावा. संगणक नसेल तर केंद्रावर सरावासाठी जादा वेळ मागावा. मागितल्याशिवाय तो मिळत नाही आणि मागायला तीच लाज आडवी येते, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. घरातल्या मुलांनाही सांगून ठेवावे की, आईला शिकवताना हात खिशात ठेवा. प्रेमापोटी करून देणारी मुले शिकणे जितके लांबवतात, तितके बाहेरचे कोणीही लांबवत नाही.

ताईंची धडधड पहिल्या महिन्यात पूर्ण थांबली नाही. क्लासच्या दिवशी पाच वाजल्यापासून ती सुरू व्हायची आणि धडधडत्या छातीनेच त्या जायच्या. ती थांबण्याची वाट पाहिली नाही, हे त्यांनी सर्वांत चांगले केले. जूनच्या कॅलेंडरवर लाल खुणा चार होत्या. त्यांतली एक सासूबाईंच्या तापाची आणि एक मुसळधार पावसाची, आणि त्यांबद्दल ताईंनी मला एकही स्पष्टीकरण दिले नाही.

परीक्षेनंतर काही दिवसांनी त्यांचा फोन आला. उत्तीर्ण झाल्याचे सांगून झाले, कार्यालयात प्रमाणपत्राची प्रत दिल्याचे सांगून झाले. अंतिम परीक्षेत किती पडले, असे मी विचारले.

“पन्नासपैकी चौतीस,” ताई म्हणाल्या. “सोळा खाडे झाले, मॅडम.”