पणजोबांच्या झोपाळ्याची फळी

प्रश्न : ताई, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पणजोबांच्या वेळचा शिसवी झोपाळा आहे. एका कडीपासून फळीला वीतभर चीर गेलीय. सुतार म्हणतो, "सीसमची नवी फळी बसवून देतो. शीशम काय नि शिसव काय, एकच." खरं का? अस्सल शिसव कुठे मिळेल?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : एकच नाही हो! आपल्याकडे 'सीसम' म्हटलं की दोन्ही त्यात खपून जातात. सुतार म्हणतो ते शीशम बहुधा शिसू, डालबर्जिया सिस्सू. मूळचं हिमालयाच्या पायथ्याचं, नदीकाठचं. आता कालव्यांच्या नि रस्त्यांच्या कडेला मुद्दाम लावतात. तुमचा झोपाळा शिसवाचा, म्हणजे डालबर्जिया लॅटिफोलियाचा असणार. ते डांगमधलं, सह्याद्रीतलं रानझाड. शिसूची पर्णिका, म्हणजे एका पानातलं छोटं पान, टोकाला निमुळती, शिसवाची गोलसर, कधी टोकाशी बारीक खाच असलेली.

खात्री करायची तर फळी उलटी करा आणि पॉलिश न लागलेल्या जागी पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. जांभळट तपकिरी रंग, त्यात काळ्या रेघा आणि मंद गोडसर वास आला, तर शिसवच. माझ्या माहेरच्या देवघराची चौकट दुरुस्त होत होती, तेव्हा रंध्याखालून निघालेली सालपटं मी मुठीत धरून कितीतरी वेळ उभी होते. इतक्या वर्षांनी वास तस्सा!

कुठे मिळेल, हे सांगायला मात्र मन धजत नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईचं कोरीव 'ब्लॅकवुड' फर्निचर याच लाकडाचं होत असे. जुनी मोठी झाडं तुटली, मग रानंच शेतीखाली, धरणाखाली, सागाच्या लागवडीखाली गेली. शिसव वाढतं फार सावकाश. रोप गुरांच्या तोंडून आणि वणव्यातून वाचलं, तरी तुमच्या फळीएवढी रुंदी यायला पिढ्या जातात. १९९८ साली आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या जागतिक संघटनेने ते 'असुरक्षित' ठरवलं. जानेवारी २०१७पासून डालबर्जियाच्या सगळ्याच जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या, धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराच्या नियंत्रणाखाली आहे.

म्हणून नवी फळी करूच नका. वीतभर चिरेने अशी फळी वाया जात नाही. आधी झोपाळा उतरवा, तोवर कुणालाही बसू देऊ नका. चिरेत सरस भरून क्लॅम्पने दाबायला सांगा. खालून आडवी पट्टी स्क्रूने बसवा. पट्टीची भोकं थोडी लांबट हवीत, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं. कडीचं भोक चिरेपासून दूर, नवं पाडा. पट्टीला लाकूड लागलंच तर पाडलेल्या वाड्यांची दारं, मोडके पलंग विकणाऱ्यांकडे बघा. शिसवी तुकडा तिथे मिळून जातो.

आणि फळी उलटी केल्यावर खाली कुणाचं नाव किंवा साल कोरलेलं दिसलं, तर तेवढ्यावर पेपर फिरवू नका. मला जरूर कळवा.