खाणीतला काळा पट्टा

प्रश्न : बेंगळुरूजवळ हारोहळ्ळीच्या बाजूला एका खाणीत करड्या ग्रॅनाइटमधून काळ्या दगडाचा उभा पट्टा आरपार गेलेला पाहिला. हा आपल्या सह्याद्रीसारखा लाव्हाच का? वय किती असेल? (एक वाचक, बेंगळुरू)

उत्तर : शिलारस (वितळलेला खडक) त्याच जातीचा, पण लाव्हा नव्हे. लाव्हा बाहेर येऊन पसरतो. हा भेगेतच गोठला. दगडाचं नाव डोलेराइट, सह्याद्रीतल्या बसाल्टचा सख्खा भाऊ. अशा उभ्या पट्ट्याला भित्ती म्हणतात. आम्ही फील्डवरची माणसं सरळ ‘डाइक’ म्हणतो. भूकवच ताणलं की एकाच रोखाच्या भेगा पडतात आणि प्रावरणातून (कवचाखालच्या थरातून) वर आलेला रस त्यांत शिरतो. म्हणून डाइक सहसा एकटी नसते. कर्नाटक-आंध्रात त्यांचे थवेच्या थवे आहेत.

पुन्हा गेलात तर खाणवाल्याला विचारून एक तुकडा कडेचा आणि एक मधला घ्या. कडेच्या तुकड्यात भिंगातूनही कण वेगळे काढता येत नाहीत. मधल्यात फेल्डस्पार या खनिजाच्या पांढुरक्या काड्या स्पष्ट दिसतात. कडेचा रस गार ग्रॅनाइटला टेकताच गोठला, मधल्याला सवड मिळाली. ग्रॅनाइट गार असणारच. तो सुमारे २५१ कोटी वर्षांचा, तर तिथल्या पूर्व-पश्चिम डाइक सुमारे २३७ कोटींच्या.

हे वय बॅडेलेआइट या झिर्कोनियमच्या खनिजावरून काढतात. स्फटिक बनताना त्यात युरेनियम शिरतं, शिसं जवळपास नाही. पुढे त्यात सापडणारं शिसं युरेनियमच्या क्षयातून आलेलं, म्हणून त्याच्या प्रमाणावरून वर्षं मोजता येतात. या थव्यातल्या एकमेकींपासून दूर असलेल्या दोन डाइकची वयं अशी काढली, तर दोन्ही २३६.५ कोटींच्या आसपास निघाली. फरक काही लाख वर्षांचा! मला यातलं सर्वांत आवडणारं काम मात्र चुंबकत्वाचं. दगड थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाने तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा रोख धरून ठेवला. तो बराच खडा आहे, आणि असा उभा रोख ध्रुवाजवळच असतो, म्हणजे हा भूभाग त्या वेळी ध्रुवाकडे होता. हारोहळ्ळीच्या उन्हात हातोडा चालवताना हे पटत नाही.

जाता जाता : ओट्यावर ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून बसवतात तो पुष्कळदा असाच डोलेराइट असतो. कडप्पा वेगळा, तो चुनखडक. लिंबू सांडलं की डाग धरतो.

आणि पट्ट्याचा रोख कंपासवर नक्की बघा. उत्तर-दक्षिण निघाला, तर वरचं वय त्याला लावू नका. त्याच परिसरात त्या रोखाच्या धाकट्या डाइकही आहेत, सुमारे ११९ कोटी वर्षांच्या.