एनआयसीयूत काम करायचं तर मन घट्ट करावं लागतं का?

तुमची एनआयसीयूतली, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली, ड्युटी लवकरच सुरू होतेय आणि तुम्ही विचारलंय, की फार आजारी बाळाशी आणि त्याच्या आईवडिलांशी कसं वागायचं, त्यासाठी मन घट्ट करावं लागतं का. मी बरीच वर्षं याच विभागात सिस्टर आहे. मन आहे तसंच राहू द्या. शिकवायचं ते हातांना.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा इतकी पातळ असते की चिकटपट्टी ओढून काढली तर तिच्याबरोबर कातडीही सोलवटते. म्हणून पट्टी ओली करून, त्वचेला समांतर ठेवत, सावकाश सोडवायची. अशा बाळाला हलक्या बोटांनी कुरवाळलं तर ते बहुतेक वेळा दचकतं, कधी सॅच्युरेशनही, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाणही, खाली येतं. त्यापेक्षा एक तळवा डोक्यावर, दुसऱ्याने दुमडलेले पाय धरून हात अगदी स्थिर ठेवा. थोड्या वेळात श्वास संथ होताना दिसतो.

दुखण्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण इथे आपल्या व्यवसायाकडून फार अन्याय झालाय. नवजात बाळाला वेदना नीट कळत नाहीत, असं समजून १९८० च्या दशकापर्यंत कित्येक बाळांच्या शस्त्रक्रिया अगदी जुजबी भुलीवर होत. बालरोगतज्ज्ञ डॉ. कन्वलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं, की पुरेशी वेदनाशामक भूल दिलेल्या बाळांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी येतो. आज टाचेतून रक्त घ्यायच्या दोनेक मिनिटं आधी जिभेवर आईच्या दुधाचे किंवा साखरपाण्याचे थेंब देतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत ते द्या आणि घाईच्या वेळीही टाळू नका. आणखी एक गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात असू द्या. व्हेंटिलेटरवरच्या बाळाचं रडणं ऐकू येत नाही, कारण नळी स्वरतंतूंच्या मधून गेलेली असते. आक्रसलेल्या भुवया, घट्ट मिटलेले डोळे, ताणलेली बोटं, हेच त्याचं रडणं. फार थकलेलं बाळ तर तेवढंही करत नाही, नुसतं निपचित पडून राहतं. त्याला ‘शांत बाळ’ म्हणू नका.

इनक्युबेटरवर फाइल ठेवू नका, दारं आपटू नका. आतल्या बाळाला तो आवाज आपल्याहून मोठा ऐकू येतो. अलार्म वाजला की आधी बाळाकडे बघा, मग मॉनिटरकडे.

आता आईवडील. त्यांना आत नेण्याआधी बाहेरच सांगा, की बाळ केवढं दिसेल, कुठे कुठे नळ्या असतील. आत गेल्यावर आधी बाळ दाखवा, यंत्रं मागाहून. नाव ठेवलं असेल तर नावाने बोला, नसेल तर ‘तुमची लेक’, ‘तुमचा मुलगा’ म्हणा. ‘बेड नंबर चार’ असं त्यांच्या कानावर कधीही पडता कामा नये. वडील बहुतेकदा दाराशीच उभे राहतात. त्यांना हात धुवायला सांगून जवळ बोलवा आणि तळवा कसा ठेवायचा ते दाखवा.

‘काळजी करू नका’ या वाक्याने कुणाची काळजी गेलेली मी पाहिली नाही. काम दिल्याने मात्र थोडा धीर येतो. लंगोट बदलणं, दुधात बुडवलेल्या बोळ्याने ओठ पुसणं, दिवसरात्र मिळून किमान आठ वेळा दूध काढणं. बाळ तोंडाने पीत नसलं, तरी ते दूध नळीतून त्यालाच जाणार आहे, हे आईला पुन्हा पुन्हा सांगा.

कांगारू केअरसाठी, म्हणजे बाळाला आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्यासाठी, डॉक्टरांच्या मागे लागा. ही पद्धत १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटात, इनक्युबेटर अपुरे पडले तेव्हा सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ती जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करून दिवसाला ८ ते २४ तास द्यायला सांगितलं. अत्यवस्थ बाळांना थांबावं लागतं, पण थांबण्याचं कारण आईला कळायला हवं.

डॉक्टर वाईट बातमी सांगत असतील तेव्हा शेजारी बसा. ते गेल्यावर हळूच विचारा, ‘ताई, डॉक्टर काय म्हणाले असं वाटलं तुम्हाला?’ निम्म्या गोष्टी पोहोचलेल्याच नसतात. ज्या पोहोचल्या नाहीत त्या साध्या शब्दांत पुन्हा सांगा, पण डॉक्टरांनी दिली त्याहून जास्त आशा देऊ नका.

आणि बाळ वाचणार नाही असं ठरलं, तर ते आईवडिलांच्या कुशीत असताना जावं यासाठी जमेल ते सगळं करा. पडदे लावा, अलार्मचा आवाज बंद करून घ्या, काढता येतील त्या नळ्या डॉक्टरांना विचारून काढा. त्यांना हवा असेल तर पावलाचा ठसा घेऊन द्या. ‘दुसरं होईल’ असं म्हणू नका, आणि दुसऱ्या कुणाला म्हणू देऊ नका. डोळे भरून आले तर येऊ द्या. फक्त तुम्हाला सांभाळायची वेळ आईवडिलांवर येऊ नये एवढं बघा.

एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात. बाळ गेल्यावरही आईला दूध येतं. ती घरी जाण्याआधी तिला हे सांगा. दूध काढणं एकदम न थांबवता हळूहळू कमी करायचं, दुखलं तर गार पट्ट्या ठेवायच्या, ताप आला किंवा स्तन लाल होऊन दुखू लागला तर लगेच दाखवायला यायचं, आणि त्यासाठी कुठल्या नंबरवर फोन करायचा. नंबर कागदावर लिहून द्या, कारण त्या दिवशी तिच्या काहीच लक्षात राहणार नाही.